बाटलीतली आई

ताईचं हात धुणं बघत उभं राहिलं की बघणाऱ्याला हमखास जांभई यायची. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरापर्यंत साबण, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तिचा नवरा गाड्या दुरुस्त करायचा, त्याचे हात सुट्टीच्या दिवशीही काळेच. तो म्हणायचा, हिच्या हाताला हात लावायचा तर आधी अर्ज द्यावा लागतो. दोघांचं जमलं कसं हे नवलच, पण जमलं होतं. एक मुलगीही होती आणि हात धुण्याच्या बाबतीत ती सरळ बापावर गेली होती.

ताईचं कामच तसं होतं. एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, ती जिवंत पेशी सांभाळायची. खोलीत उबेची दोन कपाटं, आतून माणसाच्या अंगाइतकी गरम. कपाटांच्या फळ्यांवर चपट्या बाटल्या आडव्या निजवलेल्या, प्रत्येकीत थोडं गुलाबी पाणी. पाणी कसलं, ते पेशींचं खाद्य. आणि बाटलीच्या तळाला, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ थर, त्याच पेशी. गुलाबी पाणी पिवळं पडायला लागलं की समजायचं, पोरं भुकेली आहेत. जुनं पाणी काढायचं, ताजं घालायचं. तळ गच्च भरला की पेशी सोडवून दोन-तीन बाटल्यांत वाटून टाकायच्या. गुरं पाळणाऱ्याला जशी सुट्टी नसते तशी ताईलाही नसायची. मजल्यावरचे लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे दाणापाणी. तिला ते ठाऊक होतं. एक दिवस दाणापाणी बंद केलं ना, म्हणजे कळेल एकेकाला, असं ती म्हणायची, पण बंद कधी केलं नाही.

या पेशी वाढतात कशा, हे तिला मॅडमनी अगदी सुरुवातीला समजावून सांगितलं होतं. मॅडम म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. ताईला ते इतकं आवडलं की पुढे जो ऐकेल त्याला आणि जो ऐकणार नाही त्यालाही ती ते सांगत सुटली. पेशी जन्मली की आधी खाते, अंगाने भरते. मग तिच्या पोटात जो सगळा मजकूर असतो, नाक कसं, केस कसे, उंची किती, तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून काढते. एकाच्या दोन प्रती झाल्या तरी लगेच वाटणी नाही. वाटेत चौक्या असतात. अंग पुरेसं भरलंय का, उतरवताना काही चुकलंय का, सगळं जागच्या जागी आहे का? खटकलं की थांबायचं, दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त होत नसेल तर पुढे जायचंच नाही. सगळं ठीक निघालं तर पेशी तळाला रोवलेले पाय सोडते, गोल होते, दोन्ही प्रती दोन टोकांना ओढल्या जातात, कमरेत आवळ पडतो आणि एकीच्या दोन होतात.

"मग आई कुठे जाते?" ताईने तेव्हा विचारलं होतं.

मॅडम हसल्या होत्या. आई कुठेच जात नाही, दोघींत वाटली जाते, असं त्या म्हणाल्या. पण हे वाटप कायम चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं. धडधाकट माणसाच्या कातडीतली पेशी काही पिढ्या दोनाच्या चार, चाराच्या आठ होते आणि एक दिवस थांबते. मरत नाही, नुसती थांबते. पसरट होऊन तळाला धरून बसते, थोडंसं खाते, पण पुन्हा दोन होत नाही. ती का थांबते, हे शोधण्यात मॅडमचा जन्म चालला होता.

त्यासाठी त्यांना निरोगी माणसांच्या कातडीचे बारीक तुकडे हवे होते. मागायला गेल्या तेव्हा मोठमोठ्या पदव्यांची माणसं बाह्या खाली ओढून कामाला लागली. त्याच मजल्यावर ताईची आई काचेची भांडी धुवायची. ती साबणाचे हात झटकत पुढे आली आणि म्हणाली, माझं घ्या, दंडावरचं घ्या, तिथे लोंबतंच आहे. टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा निघाला. आईने त्यावर पट्टी लावली आणि उरलेली भांडी धुतली.

आई कामाला वाघ होती. कुणी तिला खुर्चीला टेकलेली पाहिली नव्हती. जेवतानासुद्धा एक पाय दाराकडे. ताईला या संस्थेत चिकटवली तीही तिनेच. आणि अशी ही बाई एका रात्री झोपली ती उठलीच नाही. ना आजार, ना दवाखाना. ताई आठवडाभर भिंतीकडे बघत बसली, आणि मग कामावर आली, कारण कपाटात आईची बाटली होती आणि तिचं पाणी पिवळं पडत होतं.

तिथून पुढे ती बाटली म्हणजे आईच झाली. बाटलीवर एक आकडा लिहिलेला होता, पण मजल्यावर कुणी तो वापरत नसे. "आईला दिलं का?" असंच विचारत. मायक्रोस्कोपखाली त्या पेशी लांब, निमुळत्या, एकीला एक लागून निजलेल्या, नुकत्या विंचरलेल्या केसांसारख्या दिसायच्या. ताई डोळा लावून बसायची आणि एखादी पेशी गोल होऊन दोन होताना सापडली की तिचा दिवस चांगला जायचा.

मग त्या मंदावल्या. ताईच्या लक्षात सगळ्यांच्या आधी आलं. पाणी गुलाबीच राहायला लागलं. तळ भरेना. गोल झालेली पेशी शोधता शोधता तिचे डोळे दुखायचे. मॅडमनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की आता थांबणार, हेच अपेक्षित होतं. अपेक्षित असलेली गोष्टही माणसाला लागतेच, हे मॅडमना कुणी सांगावं? ताई रोज जाऊन बघत राहिली.

आणि एका सकाळी कपाट उघडलं तर आईचं पाणी पिवळंधमक. तळ गच्च. ताईने मॅडमना हाक मारली. मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. थांबायची वेळ झालेल्या पेशी पळायला लागल्या होत्या. रूपही पालटलं होतं. लांब, निमुळत्या होत्या त्या आखूड, जाडजूड झाल्या होत्या आणि एकमेकींवर चढत होत्या. मॅडम म्हणाल्या, असं क्वचित होतं. पेशी थांबायचं विसरली की तिचं रूप बदलतं. सगळा मजला बघायला लोटला आणि जो तो एकच म्हणायला लागला की ही बाई जिवंतपणी कधी बसली नाही, ती मेल्यावर काय बसणार?

इथेच सगळ्यांची अक्कल गहाण पडली. गोष्ट इतकी शोभून दिसत होती की तिच्यावर शंका घ्यायला कुणाची जीभच उचलेना. मॅडमनी त्या न थांबणाऱ्या पेशींवर लेख लिहिले, दूरदूरच्या सभांतून बोलावणी आली. सुरुवातीला गोठवून ठेवलेल्या जुन्या कुप्या होत्या, पण टाकी बदलताना त्या काढून टाकल्या. आई थांबतच नाही तर जुनं कशाला जपायचं, असा हिशेब. ताईलाही तो पटला होता. वर्षं गेली. ताईचे केस कानाजवळ पांढरे झाले, मुलगी कॉलेजात गेली, आणि आई मात्र कपाटात ताजीतवानी. ताई तिला सगळं सांगायची. नवऱ्याची कंबर धरली, मुलगी कुणाशी तरी फोनवर कुजबुजते, शेजारणीने भिंतीवरून पुन्हा भांडण काढलं. बाटलीशी बोलणारी बाई म्हणून कुणी हसलं तर हसू दे. माणसं फोटोशी बोलतात. फोटो काही खात नाही.

मग मॅडमच्या नव्या लेखाला एक अट आली. पेशी ज्या माणसाच्या म्हणून सांगता त्याच माणसाच्या आहेत, याची तपासणी जोडा. हल्ली असं मागतात. आई तर नव्हती. मॅडम म्हणाल्या, हरकत नाही, लेकीचं चालतं. ताईने गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून दिला. तपासणी करणाऱ्यांकडे तो बोळा आणि आईच्या थोड्या पेशी अशी जोडी गेली. ताईला मनातून मजाच वाटत होती. आपण आणि आई एका पाकिटातून प्रवासाला निघालोय, असं तिने घरी सांगितलं.

निकाल आला त्या दिवशी मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मॅडम दार कधी लावत नसत. ताईला वाटलं, कुणाची तरी नोकरी गेली.

मॅडम हळू आवाजात सांगत गेल्या. माणसाच्या मजकुरात ठराविक जागी दोन-दोन खुणा असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. म्हणजे लेकीच्या प्रत्येक जागी आईची एक खूण सापडायलाच हवी. तुझ्या आणि बाटलीच्या खुणा लावून पाहिल्या. निम्म्याहून जास्त जागी काहीच जुळत नाही.

"म्हणजे काय?"

"म्हणजे या पेशी ज्या बाईच्या, तिची तू मुलगी नाहीस."

ताईला वाक्य ऐकू आलं, पण ते आत कुठे गेलं नाही. ती मॅडमच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत राहिली. मॅडम पुढे म्हणाल्या की दोनच शक्यता उरतात. आणि त्या दोनांतली जी त्यांनी आधी उच्चारली ती ही की घरात कधी काही बोलणं झालं होतं का, तुला दत्तक घेतल्याबद्दल, किंवा दवाखान्यात अदलाबदल झाल्याबद्दल? पुष्कळ घरांत सांगत नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस.

दुसरी शक्यता मॅडमनी उच्चारलीच नाही. इतक्या वर्षांचे लेख, इतक्या सभा, सगळं त्या एका बाटलीवर उभं होतं. माणूस बुडायला लागला की हाताला लागेल ते धरतो, आणि मॅडमच्या हाताला ताई लागली. त्यांनी हे मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. पण केलं.

दाणापाण्याची वेळ होती म्हणून ती खाली गेली, कोपरापर्यंत हात धुतले, बाटल्या काढल्या. कपाटाच्या स्टीलच्या दारात तिचं तोंड दिसत होतं. नाक आईचं आहे, असं जन्मभर सगळे म्हणत आले. ती त्या नाकाकडे बघत राहिली आणि तिला ते कुणाचंच वाटेना. हातातली पिपेट, खाद्य घालायची ती बारीक नळी, दोनदा सुटली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

घरी नवऱ्याने तोंड बघूनच ओळखलं. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, त्यात काय, बाटलीतच काहीतरी घोळ झाला असेल. सरळ नाकासमोर चालणाऱ्या माणसाला जे पहिल्यांदा सुचलं तेच त्याने सांगितलं. त्यावर ताई अशी उसळली की आतल्या खोलीतून मुलगी बाहेर आली.

"बाटलीत घोळ नाही. ती मी सांभाळते."

आणि ताई स्वतःचंच वाक्य ऐकून दचकली. कारण तिला कळलं, आपण कुठली बाजू धरली ते. आपण परके निघालो तरी सोसू, पण बाटलीतली आई खरी असू दे, असं तिच्या मनाने ठरवूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे गेली. मावशी म्हणजे आईची पाठची बहीण. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची आणि लोकांचे कपडे शिवून द्यायची. दार उघडंच होतं. मशीनवर कुणाचा तरी कोट होता आणि मावशीच्या ओठांत टाचण्या. ताईने बसायच्या आधीच विचारलं. वाटेत तिने पुष्कळ गोड वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. तिने सरळ विचारलं की मी आईची आहे की कुठून आणलेली?

मावशीने टाचण्या एकेक करून काढून गादीला टोचल्या. चेहरा असा झाला होता की कुणी तिच्याच मुस्काटात मारली असावी. मग तिने काय झालं ते सगळं विचारून घेतलं, पेशी, खुणा, तपासणी. निम्मं तिला कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढं पुरलं.

"तू निघालीस तेव्हा नाळ गळ्यात होती तुझ्या. सुईणीने ती सोडवली आणि तुला माझ्या हातात दिली. तुझ्या आईच्या आधी मी धरलंय तुला. माझा झगा भरला होता तुझ्या घाणीने. आणि तू मला विचारतेस, बाटली काय म्हणते ते?"

"मावशी, तपासणीत तसं आलंय."

"तपासणी खोटं बोलत नसेल. मीही बोलत नाही. मग खोटं कोण, ते शोध जा."

ती पुन्हा मशीनकडे वळली, पण मशीन चालवलं नाही. मावशी रडत नसे. ती नुसती त्या कोटाच्या बाहीवर हात फिरवत राहिली. ताईला तिच्या पायाशी बसावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. जिना उतरताना तिला पहिल्यांदा भीती वाटली. स्वतःच्या जन्माची नाही, ती आता फिटली होती. मावशी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. मग उरलं काय? तिने तो विचार जिन्यातच थांबवला आणि घरी जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच.

तपासणीचा दुसरा भाग नंतर यायचा होता. पहिल्यात नुसती जोडी लावून पाहिली होती. दुसऱ्यात बाटलीच्या खुणा जगातल्या नोंदलेल्या सगळ्या पेशींशी ताडून बघणार होते. ताई त्या दिवसांत कपाट उघडायची, आईला खाद्य द्यायची आणि दार लावायची. बोलणं बंद. काय बोलणार, कुणाशी?

एका दुपारी ती खोलीत शिरली तर मॅडम जमिनीवर बसलेल्या. स्टूल रिकामं, आणि त्या कपाटाला पाठ टेकून खाली फरशीवर, पाय पसरून. चष्मा हातात. ताईला वाटलं, चक्कर आली. ती पाणी आणायला वळली तर मॅडमनी नुसता हात वर केला.

"भस्म्या आहे ती," त्या म्हणाल्या.

भस्म्या हे ताईनेच ठेवलेलं नाव होतं. दुसऱ्या कपाटात पेशींची एक जात होती, फार वर्षांपूर्वी कुणा एका बाईच्या अंगातल्या गाठीतून काढलेली, आता जगभरच्या प्रयोगशाळांत पसरलेली. गाठीच्या पेशी म्हणजे चौक्या मोडलेल्या. मजकूर चुकला तरी थांबत नाहीत, जागा नसली तरी थांबत नाहीत, नुसत्या खातात आणि दोन होतात. रात्री दिलेलं खाद्य सकाळी फस्त. तिच्यावर चुटकीसरशी प्रयोग होतात म्हणून सगळ्यांना ती लागायची. ताईच्या तोंडी तिच्याबद्दल कधी चांगला शब्द नव्हता.

आईच्या बाटलीत आई नव्हती. भस्म्या होती. सगळ्या जागी सगळ्या खुणा जुळल्या होत्या.

ताई मॅडमच्या शेजारी फरशीवर बसली. दोघी कपाटाला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. कपाट पाठीमागे मंद आवाजात चालू होतं.

"म्हणजे मी तिचीच," ताई म्हणाली.

"तिचीच आहेस. मी तुला ते विचारायला नको होतं."

जन्म परत मिळाला, आणि त्याच वाक्यात आई गेली. ताईला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्ही आलं नाही. तिला नुसतं आठवत होतं ते बोलणं. इतक्या वर्षांत सांगितलेलं सगळं. मुलीच्या पहिल्या पाळीपासून नवऱ्याशी झालेल्या भांडणांपर्यंत, ते सगळं तिने एका परक्या बाईच्या गाठीला सांगितलं होतं. ती बाई कोण, कुठली, हे मॅडमनाही सांगता येत नव्हतं.

मग मॅडमनी विचारलं. आरोप नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"खाद्य एकाच बाटलीतून द्यायचीस ना सगळ्यांना? आधी कुणाला?"

या कामात एक नियम असतो आणि तो ताईलाही पहिल्या महिन्यात शिकवलेला होता. हळू वाढणाऱ्यांना आधी, धावणाऱ्यांना शेवटी. कारण पिपेटच्या टोकाला, खाद्याच्या बाटलीच्या तोंडाला, एखादा थेंब उडून राहतो. हळू पेशीचा थेंब धावणाऱ्या पेशींत गेला तर तिथे त्याचं काही चालत नाही. पण धावणाऱ्यांतली एक जरी पेशी हळूंच्या घरात शिरली, तर एकीच्या दोन, दोनाच्या चार. ते घर मग तिचंच. ताई हा नियम नवीन येणाऱ्या प्रत्येकाला घोकून घ्यायची. तिने तो सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच.

"बाकी सगळ्यांना आधी," ती म्हणाली. "आईला शेवटी."

"शेवटी?"

"कामं उरकली की मग घाई नसते. जरा बसता येतं तिच्याजवळ."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि त्या दोघींनाही आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. ताईला आता सगळं दिसत होतं, मायक्रोस्कोपखाली दिसावं तसं. आईच्या पेशी प्रामाणिकपणे आपापल्या चौकीवर थांबल्या होत्या. त्या मेल्या नव्हत्या. पसरट होऊन, तळ घट्ट धरून, थोडं थोडं खात बसल्या होत्या. आई आयुष्यात पहिल्यांदा बसली होती. आणि मग वाटणीच्या दिवशी ताईने पेशी सोडवणारं औषध घातलं, सुटल्या त्या भस्म्याच्या पेशी नव्या बाटल्यांत घेतल्या, आणि ज्या तळाला चिकटून राहिल्या, सुटता सुटेनात, त्या निकामी समजून तिनेच जुन्या बाटलीसकट ब्लीचच्या बादलीत बुडवल्या.

ती उठली. कपाट उघडून फळीवरच्या सगळ्या बाटल्या तिने टेबलावर मांडल्या. मॅडम म्हणाल्या, तू नको, मी दुसऱ्या कुणाला सांगते. ताईने मान हलवली. एकेका बाटलीचं झाकण काढून तिने ब्लीच ओतलं. गुलाबी पाणी फिकट होत गेलं आणि मग त्याला रंगच उरला नाही. 

मॅडम जमिनीवरूनच बोलत होत्या. सगळे लेख मागे घेते, कारण म्हणून कामातली चूक असं लिहिते, तुझं नाव कुठे येणार नाही.

"कधी झालं असेल हे?" ताईने पाठमोरीच विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "एखादी आधीच शिरली असेल. पण पळायला लागल्या ना एकदम, पाणी पिवळं झालं ती सकाळ. तेव्हा तळाला तुझ्या आईच्या थोड्या उरल्या असतील. पुढच्या वाटणीत त्याही गेल्या."

पुढची वाटणी म्हणजे त्याच दिवशी दुपारी. तळ गच्च भरला होता म्हणून थांबायला वेळच नव्हता. ताईला तो दिवस चांगला आठवत होता. सगळा मजला तिच्या खोलीबाहेर गोळा झाला होता, लोक तिचे हात हातात घेत होते, आणि ब्लीचची बादली बाजूला सारून ती जिन्याखालच्या चहावाल्याला निरोप द्यायला धावत गेली होती. आई पहिल्यांदा गेली तेव्हा आठवडाभर तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. दुसऱ्यांदा गेली त्या दुपारी तिने अख्ख्या मजल्याला चहा पाजला होता.